पायाचं मधलं बोट सापडेपर्यंत

डोळे मिटून, पाय न हलवता, उजव्या पायाचं मधलं बोट मनानं शोधून बघा. अंगठा लगेच सापडतो, करंगळीही सापडते. मधली तीन बोटं मात्र एकाच गोळ्यासारखी लागतात. मला ती सुटी कळायला सात आठवडे गेले. योगातली चक्रं (कण्यातली, कमळाच्या रूपात कल्पिलेली शक्तीची केंद्रं) आणि नाड्या (प्राणाच्या वाटा) हे सगळं त्यानंतरचं. क्रम उलटा केला की मिटल्या डोळ्यांपुढे कमळं दिसतात आणि खांदे मात्र कानापर्यंत चढलेलेच असतात.

यात आळसाचा भाग कमी, रचनेचा जास्त. मेंदूतला स्पर्शाचा नकाशा वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ मध्ये मांडला. त्यात ओठांना आणि हाताच्या बोटांना ऐसपैस जागा आहे, पाठीला आणि पायांना अगदी थोडी. ज्याला जागा कमी, त्याच्याकडे जास्त वेळा जायचं, एवढंच आपल्या हातात.

मी ६१ ठिकाणांची पद्धत धरली. परंपरेत तिला शवयात्रा म्हणतात. घरी हे नाव सांगू नये, माणसं दचकतात. शवासनात पडून लक्षानं शरीरभर केलेली यात्रा, असा त्याचा अर्थ.

भुवयांचा मध्य १, गळ्याचा खळगा २. मग उजवा खांदा, कोपर, मनगट, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोटांची टोकं, परत मनगट, कोपर, खांदा आणि गळ्याचा खळगा. तो १४. डावा हात तसाच. गळ्यावर आलं की २६. छातीचा मध्य २७, छातीची उजवी बाजू, पुन्हा मध्य, डावी बाजू, पुन्हा मध्य: ३१. पहिले दहा दिवस इथंच थांबून परत फिरायचं. पुढे बेंबी ३२, ओटीपोट ३३, मग उजवा खुबा, गुडघा, घोटा, पाच बोटं आणि त्याच वाटेनं मागे; ओटीपोट ४५. डावा पाय झाला की ओटीपोट ५७, बेंबी ५८, छाती ५९, गळा ६०, भुवया ६१. प्रत्येक ठिकाणी दोन श्वास. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं.

आकडा हाच राखणदार. परतताना छातीवर पोचलो आणि मनातला आकडा ५७ असेल तर दोन ठिकाणं वाटेत गळाली. बहुतेक वेळा ती डाव्या पायाची बोटं असतात, कारण तोवर कंटाळा आलेला असतो.

अंथरूण नीट असेल तर निम्मं काम होतं. बेळगावात आषाढ-श्रावणात फरशीला ओल सुटते, म्हणून खाली चटई आणि त्यावर चौपदरी कांबळं. डोक्याखाली दोन बोटं जाडीचा घडीचा टॉवेल, कंबर उचलली जात असेल तर गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी. हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर. डिसेंबरात पांघरूण आधीच घ्यावं. पडून राहिलं की अंग गार पडतं, आणि मध्येच चादर ओढली की मोजणी गेली. जेवणानंतर तीन तास जाऊ द्यावेत. आवाजाचं फार मनावर घेऊ नये. वडगाव-खासबागेत, इथल्या विणकरांच्या वस्तीत, मागांची खडखड असते, तिचा त्रास होत नाही. करंट जाऊन माग एकदम थांबले की मात्र लक्ष सटकतं.

इथल्या वर्गांत सूचना दोन्ही भाषांत येतात. ‘मै सडिल बिडी’, अंग सैल सोडा. ‘उसिरु बिडी’, श्वास सोडा. (तंबाखू-विड्यांच्या निपाणीकडची मंडळी ‘बिडी’ला हसतात, हसू द्यावं.) कानडीतही आणि मराठीतही क्रियापद ‘सोडणं’ हेच. सैल ‘करायला’ गेलं की स्नायू पुन्हा कामाला लागतो.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे बोट जाणवण्याऐवजी बोटाचं चित्र दिसणं. चित्र बाहेरून, वरून दिसतं. जाणीव येते ती कांबळ्याच्या टोचण्यातून, उबेतून, नाडीच्या ठोक्यातून. चित्रच येत राहिलं तर पडण्याआधी प्रत्येक बोट नखानं तीन सेकंद दाबावं. दाब गेल्यावरही खूण मागे राहते, लक्ष तिच्यावर ठेवावं. पूजेतला न्यास हेच करतो, अंगाला हात लावून जागा पक्की करतो.

झोप लागत असेल तर एक हात कोपरात वाकवून पंजा उभा ठेवावा. डुलकी आली की तो पडतो आणि जाग येते. आणि झिणझिण्या म्हणजे कुंडलिनी, योगातली ती सुप्त शक्ती, जागी होणं नव्हे. तिथली नस दबलेली असते, कूस बदलावी. अंगठा-तर्जनी रोजच बधिर होत असेल तर डॉक्टर गाठावा. पडल्यावर छातीत धडधड वाढली, जीव घाबरा झाला तर डोळे उघडून उठून बसावं, रेटून पुढे जाऊ नये.

नाड्यांसाठी मला थंडीतली सकाळ उपयोगी पडली. स्टीलचं गार ताट नाकाखाली आडवं धरून श्वास सोडला की वाफेचे दोन डाग उमटतात. मोठा डाग डावीकडे असेल तर इडा नाडी चालू, उजवीकडे असेल तर पिंगळा, सारखे असतील तर सुषुम्ना. नाकाच्या आतलं अस्तर रक्तानं आळीपाळीनं फुगतं, म्हणून हा फरक. उजव्या कुशीवर काही मिनिटं पडलं की डावी बाजू मोकळी होते. अडीच घटकांचा, म्हणजे तासाभराचा पालट परंपरा सांगते. माझ्या ताटावर तो इतका शिस्तीत क्वचितच आला.

चक्रांची ठिकाणं या यादीत बरीचशी आलेलीच आहेत: १ आज्ञा, २ विशुद्ध, २७ अनाहत, ३२ मणिपूर. मात्र ती समोर कातडीवर नाहीत, मागे कण्यात आहेत. एक तळवा बेंबीवर, दुसऱ्या हाताची पाठ कमरेवर ठेवून दोन स्पर्शांच्या मधली जागा धरावी. सगळ्यात खालचं मूलाधार यादीत नाही. लघवी रोखताना जिथं हलकं आकुंचन होतं तिथं एकदा आवळून सोडून द्यावं. या कमळांच्या पाकळ्या खालून वर ४, ६, १०, १२, १६ आणि २, एकूण ५०, म्हणजे संस्कृत वर्णमालेची अक्षरं. चक्रांना दिलेले इंद्रधनुष्याचे सात रंग अलीकडचे. जुन्या वर्णनात मणिपुरात लाल त्रिकोण आहे, त्याखालच्या स्वाधिष्ठानात पांढरी चंद्रकोर. रंग पाठ करायची मला घाई वाटली नाही.

वहीत रोज एकच नोंद ठेवली: लक्ष कुठल्या आकड्यावर सुटलं. सलग बारा दिवस ३९ लिहिलेलं आहे. ३९ म्हणजे उजव्या पायाचं मधलं बोट. तेराव्या दिवशी ४४.