पावसाळी वाचनाची नोंद: काय संपलं, काय रखडलं, कुणाला काय द्यावं

मिरगाचा पाऊस सुरू झाला की बेळगाव-खानापूर पट्ट्यात जाड पुस्तकं कपाटातून बाहेर निघतात. या हंगामाची यादी करताना आमच्या गटाने एकच अट घातली होती: काही कादंबऱ्या सीमेच्या आसपासच्या, काही कन्नडमधून मराठीत आलेल्या. आजची स्थिती अशी. ‘वंशवृक्ष’, ‘डोंगराएवढा’ आणि ‘चौंडकं’ संपल्या. ‘पर्व’ निम्म्यावर आहे. जी. ए. कुलकर्णींची भाषांतरं चालू आहेत. ‘कर्वालो’ मूळ कन्नडमधून घेतलीय आणि ती रेंगाळलीय.

“भारी आहे, वाचच” असं म्हणून पुस्तक हातात कोंबलं की ते हमखास तिसाव्या पानावर उलटं पडतं. पुस्तक सुचवायचं तर ते कुठं अडतं, का अडतं आणि कुणाला अडणार नाही, हे सांगायला हवं. खालच्या नोंदी त्याच बेताने केल्या आहेत.

‘पर्व’ सोडणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सोडतात. महाभारत म्हटल्यावर वाचक हस्तिनापूर आणि द्यूतसभेची वाट बघत असतो, आणि लेखक एस. एल. भैरप्पा त्याला नेतात मद्र देशात, म्हाताऱ्या शल्याच्या घरी. नातीच्या लग्नाची काळजी, कन्याशुल्काची घासाघीस, असंच चाललेलं. हा शल्य कोण, हेच पटकन आठवत नाही. तो माद्रीचा भाऊ, म्हणजे नकुल-सहदेवांचा मामा. एवढं आधी सांगून ठेवलं तर पहिला टप्पा सुटतो. पुढे कुंती, भीम, द्रौपदी अशा एकेकाच्या मनातून गोष्ट सरकते, आठवणीतून वर्तमानात येते आणि पुन्हा मागे जाते. इथे स्मरणशक्तीवर विसंबू नये. एक ए-फोर कागद आडवा घ्यावा. वर शंतनू. त्याच्या एका बाजूला गंगा आणि भीष्म, दुसऱ्या बाजूला सत्यवती आणि तिचे चित्रांगद, विचित्रवीर्य. खाली अंबिकेचा धृतराष्ट्र, अंबालिकेचा पांडू, दासीचा विदुर. कडेला तीन चौकटी: यादव (वसुदेव आणि कुंती भाऊ-बहीण, म्हणून कृष्ण हा पांडवांचा मामेभाऊ), पांचाल (द्रुपद, धृष्टद्युम्न, शिखंडी, द्रौपदी) आणि मद्र. हा कागद घडी करून पुस्तकातच ठेवायचा. भाग बदलला की बोलणारा कुठल्या चौकटीतला, हे बघून मगच पुढे जायचं.

दुसरी अडचण मनाची आहे. या कादंबरीत चमत्कार नाहीत. नियोग (नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून मूल होऊ देणं) म्हणजे नियोगच, आणि देव म्हणजे हिमालयातल्या देवलोकात राहणारी माणसं. ‘मृत्युंजय’वर वाढलेल्या वाचकाला रचना ओळखीची वाटेल, कारण तिथेही कर्ण, कुंती, दुर्योधन आळीपाळीने बोलतात. भाषा मात्र पार उलट: तिथे झळाळी, इथे कोरडं सांगणं. म्हणून आजोबांच्या वाढदिवसाला भेट म्हणून ‘पर्व’ देण्याआधी दोनदा विचार करावा. आणि भैरप्पांची पहिली कादंबरी म्हणून तर कुणालाच देऊ नये.

पहिली द्यायची ती ‘वंशवृक्ष’. मूळ कन्नड १९६५ची, ‘पर्व’ १९७९ची. दोन्हींची मराठी भाषांतरं उमा कुलकर्णींची. त्या मूळच्या बेळगावच्या, आणि कन्नड घरातलं बोलणं मराठीत कसं बसवायचं याचा त्यांचा कान पक्का आहे. नंजनगूडचे श्रोत्री, त्यांची विधवा सून कात्यायनी आणि म्हैसूरचे इतिहासाचे प्राध्यापक सदाशिवराव, असे दोन धागे आहेत. सुरुवातीला त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. ते शोधत बसू नये, पुढे आपोआप जुळतात. वाचून झाल्यावर या कादंबरीवर सगळ्यात जोरात भांडण होतं, म्हणून गटात वाचायला ही फार चांगली. श्रोत्रींची बाजू घेणारा एक आणि कात्यायनीची घेणारा एक असला की बास.

शिवराम कारंतांची ‘डोंगराएवढा’ लहान आहे. घाटातल्या रानात वाट चुकलेला एक माणूस, आणि तिथे सुपारीची बाग करून राहिलेलं म्हातारं जोडपं. घडामोडी शोधणाऱ्याला कंटाळा येईल. कणकुंबी-जांबोटीच्या घाटाकडच्या माणसाला एकाही शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. दोन बसण्यांत संपते.

आता ‘चौंडकं’. राजन गवस गडहिंग्लज भागातले. कादंबरी १९८५ची, विषय देवदासीचा. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुलींचा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या उंबऱ्यावरचाच. कर्नाटकात देवदासी प्रथेला बंदी करणारा कायदा १९८२चा, म्हणजे कादंबरी आली तेव्हा तो ताजा होता, हे ध्यानात ठेवून वाचलं तर तिचा राग कळतो. जग (डोक्यावर घ्यायची देवीची मूर्ती बसवलेली टोपली), परडी (जोगवा मागायची टोपली), भंडारा (देवीची हळद), चौंडकं हे शब्द सीमाभागातल्या वाचकाला पाठ असतात, पुण्या-मुंबईच्या वाचकाला नसतात. त्यांना पुस्तक पाठवताना सोबत दहा-बारा शब्दांची चिठ्ठी घालावी. चौंडकं हे जोगतिणींचं, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्या बायकांचं, एकतारी वाद्य, एवढं तरी सांगावंच, कारण शीर्षकापाशीच अडलं की पुढचं वाचन जड होतं.

बोलीतल्या कादंबऱ्यांत चुकतं ते असं: वाचक डोळ्यांनी भरभर वाचतो. छापलेली बोली डोळ्यांना अडखळवते, कानाला नाही. पहिली वीस-तीस पानं मोठ्याने वाचा, घरात कुणी हसलं तरी चालेल. एकदा लय बसली की वेग आपसूक येतो. तरीही तासाला वीस-पंचवीस पानांपेक्षा जास्त धरू नका. प्रमाण मराठीतली कादंबरी तासाला पस्तीसच्या पुढे जाते म्हणून इथेही जाईल, हा हिशेब फसतो. अडलेल्या शब्दाशी थांबू नये. पेन्सिलीने बारीक टिंब करायचं, प्रकरण संपल्यावर परत बघायचं. निम्मे अर्थ तोवर संदर्भाने लागलेले असतात. ‘चौंडकं’नंतर ‘भंडारभोग’ घ्यावी, तिथे जोगत्याची, म्हणजे देवीला सोडलेल्या पुरुषाची, बाजू आहे. मात्र दोन्ही लागोपाठ वाचू नयेत, मध्ये काहीतरी हलकं ठेवावं. शाळकरी मुलांना या दोन्ही देऊ नयेत, आणि मोठ्यांनाही देताना विषय आधी सांगावा.

मधलं हलकं म्हणून आमच्याकडे लंपन या शाळकरी मुलाच्या गोष्टी ठरलेल्या. प्रकाश नारायण संतांची ही पुस्तकं काटेकोरपणे बोलायचं तर कथासंग्रह, पण क्रमाने वाचली तर सलग कादंबरीच होते. क्रम: ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. वाचनालयात जे हाताला लागेल ते आधी घेतलं की आजी-आजोबा, सुमी, घर, गाव हे सगळं नव्याने ओळखत बसावं लागतं. बेळगावकराला यातली कन्नड हेलाची मराठी शेजारच्या घरातून ऐकू आल्यासारखी वाटते, म्हणून उलट धोका असा की तो फार वेगाने वाचतो. दिवसाला एकच गोष्ट.

क्रमाची हीच चूक जी. ए. कुलकर्णींच्या भाषांतरांत जास्त महागात पडते. कॉनरॅड रिक्टरच्या तीन कादंबऱ्यांचं मराठी ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ असं आहे, आणि मूळ क्रमही तोच: १९४०, १९४६, १९५०. ‘गाव’ एकटी सापडली म्हणून सुरू करू नका. अमेरिकेतल्या ओहायोच्या घनदाट रानात आलेल्या कुटुंबाची ही गोष्ट आहे; रान हटत जातं, शेतं होतात, वस्ती वाढते. शेवट आधी वाचला तर हातात काही राहत नाही. जी. ए. जन्मले चिकोडी भागातल्या एकसंब्यात, वाढले बेळगावात आणि शिकवलं धारवाडात. त्यांच्या कथा जड जातात असं म्हणणाऱ्यांना आधी ‘रान’ द्यावी.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ सगळ्यांनी वाचलेली असते, आणि तिथेच थांबलेली असते. त्यांचं गाव कोवाड बेळगावहून जवळ, तरी त्यांची ‘बारी’ वाचलेला माणूस दिवा घेऊन शोधावा लागतो. घाटातल्या बेरड समाजावरची ही कादंबरी आहे, आणि आमच्या मते सीमाभागातल्या वाचकाला ती ‘स्वामी’पेक्षा आधी द्यावी. निपाणीचे महादेव मोरेही असेच मागे पडलेले. पिठाची गिरणी चालवत लिहिलेलं त्यांचं लेखन तंबाखूच्या वखारी, गॅरेज, टॅक्सीवाले यांच्यात घडतं. नवी प्रत नेहमी मिळेलच असं नाही. गावातल्या जुन्या वाचनालयांत चौकशी करावी. कादंबरीची सवयच नसलेल्याला यातलं काहीच न देता ‘बनगरवाडी’ द्यावी: लहान, वाक्यं छोटी, आणि एकदा संपवल्यावर माणूस दुसरं पुस्तक मागतो.

‘कर्वालो’ का रेंगाळली, तर लिपीमुळे नव्हे. मराठी माध्यमात शिकलेल्या इथल्या तरुणांना कन्नड अक्षरं येतात, वेग नसतो. मराठीत जोडाक्षराचा अर्धा भाग आधी आणि शेजारी येतो, कन्नडमध्ये दुसरं व्यंजन खाली लटकतं, त्यामुळे नजर दर शब्दाला खाली-वर होते. शिवाय ‘कर्वालो’च्या लेखकाची, पूर्णचंद्र तेजस्वींची, माणसं मलनाडातली, म्हणजे कर्नाटकातल्या घाटाच्या डोंगराळ भागातली, त्यांची बोली आपल्या बाजारातल्या कन्नडपेक्षा वेगळी. उपाय: रोज चार-पाच पानंच, पण खंड न पाडता. संवाद मोठ्याने, वर्णन मनात. उडत्या सरड्याचा शोध हा विषय मुळातच गमतीचा असल्याने ओढ टिकते. मूळ कन्नडमध्ये पुढची पायरी म्हणून चंद्रशेखर कंबारांची ‘करिमायी’ घेता येईल. ते आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे, त्यामुळे छापलेलं बघून घाबरायला होतं आणि ऐकल्यावर लगेच कळतं.

भाषांतर विकत घेताना श्रेयपान उघडून बघा: मूळ भाषा कोणती, थेट भाषांतर की इंग्रजी-हिंदीमार्गे. लिहिलेलं नसेल तर नावं तपासा. इंग्रजीत ळ-ल आणि ण-न यांचा फरक राहत नाही, ऱ्हस्व-दीर्घही हरवतं. कन्नड गावं आणि आडनावं मराठीत ‘ळ’ हरवून बोथट झालेली दिसली तर वाट वाकडी आहे असं समजावं.

प्रत तपासणं याहून महत्त्वाचं. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा अशा गावांच्या साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात, सवलत मिळते आणि गर्दीत कुणी पानं चाळत नाही. बरीच पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे घडी घातलेल्या गठ्ठ्यांत, छापून बांधतात. बांधणीत एखादा फॉर्म गळला तर ९६ नंतर एकदम ११३ येतं. दोनदा लागला तर ८१ ते ९६ पुन्हा. सुरुवातीची पानं आकड्यात धरली आहेत की नाही यावर हे आकडे थोडे मागे-पुढे होतात, पण उडी सोळाचीच असते. अंगठ्याने पानांचे कोपरे सोडत फक्त आकडे बघत जा, मिनिटभराचं काम. जाड पुस्तक गोंदाच्या बांधणीचं असेल तर एकदम मधून उघडू नका, कणा तडकतो. आधी पुढची दहा-वीस पानं, मग मागची, असं आळीपाळीने दाबत मध्यापर्यंत यायचं.

ओलीचा बंदोबस्तही याच महिन्यांत करायचा. कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे, पुस्तकं गच्च नकोत, प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नकोत, आत घाम धरतो. डांबरगोळ्या कापडात बांधून, कागदाला न लागतील अशा. पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नये आणि इस्त्रीही फिरवू नये. पानं लाटा धरतात. उभं करून पंख्याखाली, दर वीसेक पानांत कोरा कागद घालून, तो ओला झाला की बदलत. छापील वर्तमानपत्र घातलं तर त्याची शाई पानांवर उतरते. बुरशी ओली असताना पुसली तर पसरते. आधी पूर्ण वाळू द्यावी, मग अंगणात नेऊन, नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशने झाडावी.

गटात वाचताना “पुढच्या वेळी दोनशे पानांपर्यंत” असं ठरवू नका. तिघांकडे तीन आवृत्त्या असतात आणि पान क्रमांक जुळत नाहीत; प्रकरणावर थांबा. ‘पर्व’साठी आम्ही थांबे बोलणाऱ्या पात्रांवर ठेवले आहेत, आणि ते बरं चाललंय. एका बैठकीला साधारण शंभर ते दीडशे पानं पुरतात. त्याहून जास्त घेतली की चर्चा कथानक आठवण्यातच जाते.

पुढची फेरी गवसांच्या ‘तणकट’ने सुरू होईल, सोबत ‘बारी’. ‘बारी’च्या ज्या काही प्रती जमतील त्या फॉर्म तपासून आणाव्यात, आणि शक्यतो दोघांत एक धरावी.