गोणीने कंबर धरली? पहिला केसपेपर जपा

कामावर ओझं उचलताना कंबर गेली, तर नुकसानभरपाईचा दावा बऱ्याचदा त्या दिवशीच्या केसपेपरवरच तरतो किंवा बुडतो. घाईत डॉक्टर लिहितात, ‘दोन दिवसांपासून कंबरदुखी’. पुढे मालकाचा वकील तोच कागद दाखवून विचारतो, यात गोणी कुठे आहे? तिथे हवं होतं: ‘आज सकाळी 11 वाजता ट्रकमधून 50 किलोची गोणी पाठीवर घेऊन वळताना कळ आली, ती डाव्या पायात उतरते.’ दुखणाऱ्याला सुचत नाही. सोबत गेलेल्या जोडीदाराने हे सांगून लिहून घ्यावं.

इजा ‘कामामुळे आणि काम चालू असताना’ झालेली असावी, ही 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातली कसोटी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कामगार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर मात्र मालकावर दावा नाही, ईएसआयकडेच जायचं.

काम चालू होतं हे हजेरीवरून, गेटपासवरून दिसतं. गाडी अडते ‘कामामुळे’ या शब्दावर. एमआरआयमध्ये एल4-एल5ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) चकती सरकलेली असते आणि खाली ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’ हे शब्दही असतात. चाळिशीपुढच्या कितीतरी जणांच्या रिपोर्टात ते येतात. मालक म्हणतो, ही वयाची झीज.

इथे एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर, निकालांचा संग्रह) 1954 मुंबई 180 हा निकाल हाताशी ठेवा. बॉम्बे पोर्ट ट्रस्टचा पहारेकरी हृदयविकाराने गेला होता. काम हे एकमेव कारण असायला नको. आजाराला कामाने हातभार लावला किंवा मृत्यू लवकर ओढवला तरी पुरे, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं. म्हणून डॉक्टरांना ‘झीज होती का?’ एवढंच विचारून थांबू नका. कालपर्यंत गोण्या वाहणाऱ्याला आज वाकता येत नाही, त्याला आजचं ओझं कारणीभूत आहे का, हे लेखी घ्या. जुनी कंबरदुखी लपवू नका. उलटतपासणीत ती निघाली की बाकीच्या खऱ्या साक्षीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

सीसीटीव्हीचं फुटेज थोड्या दिवसांत पुसलं जातं. लगेच लेखी मागा, पोच घ्या. वजनकाट्याची पावती आणि लोडिंग रजिस्टरही मागा.

डॉक्टरांच्या दाखल्यावर नुसतं ‘20 टक्के अपंगत्व’ चालत नाही. भरपाई कमाईच्या क्षमतेत किती घट झाली त्यावर मोजतात, आणि ओझं उचलायला कायमची मनाई झालेल्या हमालाची घट 20 टक्क्यांहून कितीतरी जास्त असू शकते. ती वेगळी लिहून घ्या आणि डॉक्टरांना साक्षीला आणा. दाव्याची मुदत अपघातापासून 2 वर्षं.