त्रैमासिकासाठी सीएमएस निवडताना

आमच्या छोट्याशा गडभ्रमंती संस्थेच्या त्रैमासिकाचे जुने अंक वेबसाइटवर टाकायचं ठरलं आणि सीएमएस, म्हणजे साइटवर मजकूर चढवायचं-सांभाळायचं सॉफ्टवेअर, कोणतं घ्यायचं यावरून नारायण पेठेतल्या कार्यालयात पहिल्याच बैठकीत तट पडले. हिंजवडीत नोकरी करणारा एका सभासदाचा मुलगा ड्रुपलच्या बाजूने, दुसरे एक गृहस्थ जूमलाच्या. उरलेल्यांनी फक्त वर्डप्रेसचं नाव ऐकलेलं. विक्ससारख्या तयार साइट बनवून देणाऱ्या सेवा मी आधीच बाजूला ठेवल्या. उद्या तिथून हलायचं म्हटलं तर अख्खी साइट जशीच्या तशी उचलून नेता येत नाही. ही तिन्ही मात्र जीपीएल या मुक्त परवान्याची, फुकट आणि कुठल्याही होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) नेता येणारी.

नुसत्या चर्चेने काही ठरेना. मग तिन्ही माझ्या लॅपटॉपवर चढवली आणि प्रत्येकात एकच लेख टाकून पाहिला: जुन्नर परिसरातल्या पाण्याच्या टाक्यांवरचा. मुद्दाम हाच, कारण तो सगळ्यात छळवादी. ढीगभर तळटीपा, एक तक्ता, दोन लेखक आणि मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला. (असा मजकूर कन्व्हर्टरमधून काढला तरी रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनीच तपासावी लागतात. ते काम कुठलीच सीएमएस करत नाही, हे काही सभासदांना शेवटपर्यंत पटलं नाही.)

माझं मन खरं तर ड्रुपलवर बसलं होतं. अंक, लेख, लेखक हे वेगळे प्रकार करून एकमेकांना जोडले, की ‘या लेखकाचे सगळे लेख’ ही यादी व्ह्यूज या त्यातल्याच साधनातून कोड न लिहिता तयार होते. 2015 साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून साइट दोन भाषांत ठेवायची सोयही मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे. पण अपडेट करायचं तर सहसा कंपोझर हे साधन वापरून कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून. शिवाय सातवरून आठवर जाणं म्हणजे साइट जवळजवळ नव्याने उभारणं होतं, आणि सातचा अधिकृत आधार जानेवारी 2025 मध्ये संपला. हिंजवडीचा मुलगा उद्या बंगळुरूला गेला तर हे कोण निस्तरणार?

जूमलातही दोन भाषा मुळातच आहेत. मात्र एका लेखाला एकच वर्ग देता येतो. आमचा लेख ‘जुन्नर’मध्येही हवा आणि ‘जलव्यवस्था’मध्येही. टॅगने भागतं, पण मला ते ओढूनताणून वाटलं.

वर्डप्रेसमध्ये दोन भाषांसाठी पॉलिलँगसारखं प्लगइन (वरून जोडायचा पूरक भाग) लागतं. लेखाला मुळात एकच लेखक, म्हणून ‘लेखक’ ही वेगळी वर्गवारी करावी लागली. तळटीपांचा ब्लॉक मात्र 2023 च्या 6.3 आवृत्तीपासून आयताच आहे. सर्वांत मोठी डोकेदुखी निघाली ती मराठी शीर्षकांची. वर्डप्रेस शीर्षकावरून लेखाचा पत्ता बनवतं, आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, टक्क्याच्या खुणांसकट नऊ चिन्हांचं होतं. मर्यादा 200 ची. म्हणजे बाविसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो, आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की टक्क्यांची माळ दिसते. आता पत्ता रोमन लिपीत हाताने लिहायचा, असा नियमच केलाय.

खरा निकाल मात्र संपादक काकांनी लावला. रोज साइटवर लेख चढवणार तेच, म्हणून त्यांना तिन्ही ठिकाणी बसवलं. ड्रुपलमध्ये मी हौसेने केलेला लेखाचा फॉर्म पाहून म्हणाले, “अरे, हा काय सातबारा आहे का?” जूमलात लेख जतन झाला, पण साइटवर कुठे दिसेना, कारण मेनूत त्याची जागा करायची राहिली होती. वर्डप्रेसमध्ये त्यांनी फोटो टाकला, खाली ओळ लिहिली आणि मला न विचारता ‘प्रकाशित करा’ दाबलं. “काका, अजून मुद्रितशोधन राहिलंय,” मी म्हटलं. “मग परत उघडू की!” आणि उघडलंही त्यांनीच.

वर्डप्रेस ठरलं. प्लगइन लागतील तेवढीच, बॅकअप दर आठवड्याला, डोमेन आणि होस्टिंगचं खातं संस्थेच्या ईमेलवर, कुणा सभासदाच्या नाही. शोधाचं दुखणं अजून आहे: ‘किल्ला’ शोधलं तर ‘किल्ल्यावर’ हाती लागत नाही. म्हणून काका हल्ली प्रत्येक लेखाच्या सारांशात मुख्य शब्द मूळ रूपात घालतात, आणि जुने अंक चढवताना हे काम आधी उरकतात.