टाक्या धुता धुता गालिच्यापर्यंत

सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुण्यापासून आम्ही नवरा-बायकोने सुरुवात केली. पुण्यात ते काम बारा महिने मिळत नाही, म्हणून जोडीला सोफे घेतले. सोफ्याच्या कामाला गेलं की घरातल्या ताई हमखास विचारायच्या, "दादा, हे खालचं पण बघता का?" खालचं म्हणजे कार्पेटवरचा पिवळा-लाल डाग. बहुतेक वेळा मिसळीची तर्री, नाहीतर मटणाचा रस्सा. टीव्हीसमोर ताट घेऊन बसायची सवय लोकांना लागली, त्यावरच आमचा धंदा उभा आहे.

यात खरं तर दोन डाग असतात: तेलाचा, आणि त्या तेलात उतरलेल्या हळद-मिरचीच्या रंगाचा. लोक आधी रंगाच्या मागे लागतात आणि कपड्याचा साबण नाहीतर सोडा चोळतात. साबणाने हळद लाल होते हे पांढऱ्या शर्टावर सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण कार्पेटवर तसं झालं की घाबरून आणखी चोळतात. तेल तंतूंच्या बुडाशी जातं ते वेगळंच. आत राहिलेला साबण चिकट असतो, त्यावर धूळ बसते आणि काही दिवसांनी तिथेच काळपट वर्तुळ उमटतं. आमचा निम्मा वेळ घरच्या उपायांचा फेस काढण्यात जातो!

2020 च्या लॉकडाऊनमध्ये कुणाच्या घरात पाऊल टाकायची सोय नव्हती. लोक घरीच जेवत होते, सांडत होते आणि फोन करत होते. तेव्हापासून फोनवर फुकट सांगायला लागलो: चमच्याने वरचं काढा, जुन्या सुती कापडाने टिपा, पुसू नका. कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर पसरून निवांत राहू द्या, मग झटकून किंवा व्हॅक्यूमने काढा. तेल ओढलं जाईपर्यंत हेच पुन्हा करा, पाणी त्याच्यानंतर. कपभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, आधी कोपऱ्यात करून बघायचं, मग कडेकडून मध्याकडे टिपत यायचं. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढून कोरड्या कापडावर वजन ठेवायचं, नाहीतर वाळताना बुडातला डाग पुन्हा वर येतो.

"अशाने धंदा बसेल," असं धाकटा दीर हिला म्हणायचा. पण निर्बंध उठल्यावर पूर्ण कार्पेट धुवायला बोलावणाऱ्यांत हेच फोनवाले जास्त होते. त्या कमाईतून फवारा मारून घाण पाणी ओढून घेणारं मशीन आलं. तरी मशीनने सगळं भागत नाही. स्वस्तातलं पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचं कार्पेट पाणी पीत नाही, पण तेल सोडायला तयार नसतं. त्याला तेल विरघळवणारं सॉल्व्हंट लागतं. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या लोकरी गालिच्याला कडक साबण आणि गरम पाणी दोन्ही वर्ज्य. खाली ताग असेल तर जास्त ओलं झालं की तपकिरी डाग वर येतात. हळदीची उरलेली झाक उन्हात फिकी होते, पण गालिच्याचे रंगही त्याच उन्हात उतरतात, म्हणून विचारल्याशिवाय ऊन दाखवत नाही.

रेशमी गालिचे आम्ही घेत नाही. व्हिस्कोसचे, म्हणजे कृत्रिम रेशमाचेही नाही, ते रेशमासारखे चमकतात, पण ओले झाले की धागा कमजोर पडतो. पावसाळ्यात जाड लोकरी गालिचाही घरी धूत नाही. दमट हवेत तो नीट वाळत नाही आणि कुबट वास धरतो. तेवढ्यापुरतं डाग टिपून देतो आणि धुण्यासाठी दिवाळीआधीची तारीख देतो.