उभा निळा, आडवा तांबडा

शहापुरातल्या एका जुन्या घराचं काम दिवाळीनंतर घेतलं. बेळगावच्या पावसात भिंत ओल धरते, ती सुकली नाही तोवर पुट्टीला हात लावायचा नाही, हा माझा नियम. मालकीणबाई सत्तरीच्या, साऱ्या हयातीत हातमागावर शहापुरी साड्या विणलेल्या. रंग मात्र बेंगळूरच्या मुलानं मोबाईलवर निवडून पाठवला होता. शेड कार्डावर नाव होतं पेरिविंकल, त्यातला करडी झाक असलेला मवाळ प्रकार. पेरिविंकल सदाफुलीलाही म्हणतात, पण आपल्याकडची सदाफुली गुलाबी नाहीतर पांढरी. हे नाव ज्या फुलावरून आलं, ते तिच्याच कुळातलं, युरोपातलं, निळ्या-जांभळ्याच्या मधलं.

सोप्यातली एकच भिंत रंगवायची होती, बारा बाय दहा फूट. चार लिटरचा डबा दुकानातून टिंट करून आणला आणि दुपारी बारापर्यंत पहिला हात मारून झाला. भिंत इतकी शांत दिसत होती की मी दोनदा मागं सरून बघितली.

साडेचारला मावशींनी हाक मारली. "अरे बाबा, हे जांभळं दिसाय लागलंय की!"

खरंच दिसत होतं. कमरेच्या उंचीपर्यंत भिंत थेट जांभळाच्या रंगाची, वर मात्र निळी. माझ्या पोटात गोळा आला. डबा नीट ढवळला नाही का? प्रायमर कच्चा राहिला? ओल आली? हात लावून बघितलं तर भिंत कोरडी ठक्क.

मावशी दारात उभ्या राहून कधी भिंतीकडे, कधी जमिनीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मागावर उभा धागा निळा आणि आडवा तांबडा घातला की कापड जांभळंच मारतंय. धूपछाव म्हणतात त्याला. तुझा उभा भिंतीवर हाय, आडवा खाली बघ की गा."

खाली लाल कोबा होता. पश्चिमेच्या दारातून उतरतं ऊन त्यावर पडत होतं आणि तांबडा उजेड उसळून भिंतीवर चढत होता. वीस वर्षं ब्रश धरतोय, खिडकी बघतो, ट्यूब बघतो. जमीन कधी बघितली नव्हती. दोन बाय दोन फुटांचा नमुना मी लावतो, पण तोही डोळ्याच्या उंचीला. खाली, कोब्याजवळ लावला असता तर आदल्या दिवशीच कळलं असतं.

मी दार लोटलं. जांभळं गेलं. उघडलं, परत आलं. मावशींनी सुताची एक निळी लड आणून भिंतीला लावली, तीही खालच्या बाजूला जांभळी पडली. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन नवा डबा टिंट करून घेतला, माझ्या खर्चानं. जांभळ्याचे थेंब कमी, हिरव्याचा अगदी किंचित, करडा थोडा जास्त. डब्यात तो फिका, उदास दिसत होता. संध्याकाळी पाच वाजता, कोब्यावर ऊन असताना, भिंत हवी तशी मवाळ निळी झाली.

पहिल्या डब्यातला तीन लिटर रंग उरला होता. मावशी म्हणाल्या, "मागाच्या खोलीत मार." तिथं शहाबादी फरशी आहे, करड्या रंगाची, आणि मधोमध खड्ड्याचा माग, आता बंद पडलेला. त्याच डब्यातला तोच रंग तिथं सकाळपासून दिवा लागेपर्यंत जसाच्या तसा राहिला. मावशींनी निळी लड तिथल्याच खुंटीवर अडकवली.