उतू जाण्याचं गणित

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी पडणाऱ्या फुलांच्या गुड मॉर्निंगनी कुणाचं काही बिघडत नाही. अकराला कुणीतरी पार्किंगचा विषय काढतं आणि एरवी अंगठ्यापलीकडे काही न पाठवणारे काकाही परिच्छेद लिहू लागतात.

या प्रकाराला समीकरणं आहेत. झुरिकचे संशोधक फ्रांक श्वाइट्झर आणि डेव्हिड गार्सिया यांनी 2010 साली ती मांडली. प्रत्येक सभासदाला दोन आकडे द्यायचे: एक मनाचा कल, गोड की कडू; दुसरा उद्दीपन, म्हणजे आतला चुळबुळाट. दोन्ही आकडे आपोआप ओसरत असतात. नवा मेसेज ग्रुपच्या सामाईक हवेत भर घालतो, ती हवा वाचणाऱ्यांना ढकलते आणि स्वतःही विरत जाते. उद्दीपनानं उंबरठा ओलांडला की दूध उतू जातं. माणूस लिहितो आणि त्याचं उद्दीपन झटकन उतरतं.

खरी गंमत या दोन आकड्यांच्या वाटणीत आहे. लिहायचं की नाही हे उद्दीपन ठरवतं, काय लिहायचं हे कल. गार्सिया आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 207 जणांवरचे तीन अभ्यास प्रसिद्ध केले. त्यांत मजकूर गोड असो वा कडू, भावनेनं भरलेलं वाचलं की उद्दीपन वाढत होतं आणि लिहून झाल्यावर घटत होतं. म्हणजे बारशाच्या अभिनंदनांची रांग आणि पार्किंगचं भांडण, हिशोब एकच.

घरच्या संगणकावर हे चालवून पाहता येतं, फक्त वेळेचा टप्पा, म्हणजे एका हिशोबापासून पुढच्या हिशोबापर्यंतचं अंतर, जपून निवडावा. ओसरण्याचा दर मिनिटाला 0.4 धरला तर भावना पावणेदोन मिनिटांत निम्मी होते. पण टप्पा पाच मिनिटांचा ठेवलात की दर आणि टप्पा यांचा गुणाकार 2 येतो आणि साध्या पद्धतीनं, म्हणजे दर टप्प्याला कलातून त्याच्या तितक्या पट वजा करत, सोडवताना कल अधिक 1, उणे 1, अधिक 1 असा कायम उड्या मारतो. सहा मिनिटांचा ठेवला तर आकडे फुगतच जातात. ते बघून माणसं चंचल आहेत असा निष्कर्ष काढू नये. टप्पा अर्ध्या मिनिटावर आणावा. सगळ्यांना एकच उंबरठाही देऊ नये, नाहीतर जोराचा विषय निघताच अख्खी इमारत एका सुरात बोलते, आणि असं कुठल्याच सोसायटीत होत नाही.

मॉडेल खऱ्या मेसेजांशी ताडून बघायचं, तर आधी प्रत्येक मेसेज गोड की कडू हे ठरवावं लागतं. मराठीपुरता पुण्याच्या एल३क्यूब या भाषा-संगणन गटानं 2021 मध्ये सुमारे 16,000 ट्वीटांचा, गोड, कडू आणि तटस्थ अशा तीन गटांत विभागलेला संच तयार केला. त्याचा उपयोग आहेच. पण ‘वा, कमिटीनं फारच कष्ट घेतले हो!’ हे वाक्य एकेका शब्दाचे गुण मोजणारा प्रोग्राम खुशाल गोडात टाकतो. जोडलेल्या हातांची इमोजी तर आभाराला, श्रद्धांजलीला आणि ‘आता पुरे करा’लाही चालते.

ॲडमिननं ग्रुप बंद केला तर? समीकरणांत हवा विरते, न लिहिलेलं उद्दीपनही हळूहळू ओसरतं. मात्र सेक्रेटरींना वगळून तासाभरात निघणाऱ्या दुसऱ्या ग्रुपसाठी या मूळ समीकरणांत एकही पद नाही.