तुम्ही विचारलंत म्हणून : एकाच नावासाठी मतदान कशाला?

“गाव एकोप्याने बिनविरोध झालं, तर तुमचं काय बिघडलं, सर?” एकच उमेदवार उरला तरी मतदान घ्यावे, असे मी म्हणतो, म्हणून हा प्रश्न मला लग्नकार्यात, एसटीत, कधी फोनवरही विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक जण गावाचे भले चिंतणारेच असतात. शिक्षक म्हणून नोकरीत असताना ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत मी कधी मतदान अधिकारी होतो, कधी केंद्राध्यक्ष, तर कधी तहसील कार्यालयात अर्ज घेणाऱ्यांच्या टेबलावर मदतीला. त्या टेबलामुळेच माझे मत बनले, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

अर्ज माघारी घेण्याची मुदत दुपारी तीनला संपते. एका वर्षी पावणेतीनच्या सुमारास एक तरुण बाई आली. अर्ज भरायला ती नवऱ्याबरोबर आली होती, तेव्हा जात पडताळणीची पोच, शौचालयाचा दाखला, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत क्रमाने लावलेले होते. माघारीला मात्र तिच्याबरोबर चुलत सासरे आणि भावकीतले चौघे होते, आणि कागद आधीच भरून ठेवलेला होता. तिने सही केली, पेनाला टोपण लावून ते परत दिले आणि मला विचारले, “सर, मग आता आमच्या वॉर्डात मत कुणाला द्यायचं?” मतदानच होणार नाही, असे मी सांगितले. “कुणालाच नाही?” एवढेच ती म्हणाली. त्या सायंकाळी संपूर्ण गाव बिनविरोध झाल्याचे जाहीर होऊन गुलाल उधळला गेला.

प्रत्येक माघार दबावाखालीच होते, असे मी म्हणत नाही. कित्येक गावांत खरोखर समजुतीने नावे ठरतात आणि ती माणसे चांगले काम करतात. माझा आक्षेप त्या माणसांवर नसून नियमावर आहे. जागा जितक्या तितकेच उमेदवार उरले की ते निवडून आल्याचे जाहीर होते, आणि ज्यांच्या नावाने तो कारभार चालायचा त्या मतदारांना एका शब्दानेही विचारले जात नाही. लोकसभा-विधानसभांसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ५३(२) हेच सांगते. त्याच नियमाने २०२४ मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघाचा खासदार एकही मत पडल्याशिवाय ठरला, आणि त्या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. लोकसभेत हे क्वचित घडते, म्हणून त्याची बातमी होते. ग्रामपंचायती आणि नगरपंचायतींत ते नित्याचे आहे, आणि तिथे ते कौतुकाचे मानले जाते.

जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणूक रद्द केली. आयोगाने योग्यच केले. परंतु तिथे बोभाटा झाला म्हणून कारवाई झाली. देवळात किंवा पारावर चार जाणत्यांनी मिळून जे ठरवले, त्याचा पुरावा कोण आणि कुठून आणणार? त्यामुळे पुराव्याची वाट न पाहता मतदारालाच विचारणारी सोय हवी, असे मला वाटते.

ती सोय आपल्याकडे अर्धी तयार आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे नोटा, हा पर्याय मतदान यंत्रावर आला. सुरुवातीला त्याला फारसा अर्थ नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यात खावडी येथे सरपंचपदाच्या निवडणुकीत नोटाला २१० मते पडली आणि १३० मते मिळालेला उमेदवार सरपंच झाला. अशा उदाहरणांची दखल घेऊन महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यावी. हा आदेश मला फार मोलाचा वाटतो. मात्र दोन उमेदवार असले तर गाव दोघांनाही नाकारू शकते आणि एकच उमेदवार असला तर त्या एकाला नाकारू शकत नाही, ही विसंगती त्यानेही सुटलेली नाही, कारण बिनविरोध जागेसाठी यंत्रच येत नाही. माझी मागणी एवढीच आहे, की एक नाव आणि त्याखाली नोटा, अशा दोन ओळींची मतपत्रिका ठेवावी. नोटा पुढे गेला तर जागा रिक्त समजून पोटनिवडणूक घ्यावी. एकही अर्ज न आलेल्या जागेसाठी ती आजही घ्यावी लागतेच.

“पण एका नावावर मत द्यायचं म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला कळेल का?” असेही मला विचारतात. ज्यांनी गावातले दारूबंदीचे मतदान पाहिले आहे, ते हा प्रश्न विचारणार नाहीत. उभी बाटली म्हणजे दुकान चालू ठेवा, आडवी बाटली म्हणजे बंद करा. अक्षर न येणाऱ्या आजीबाईसुद्धा रांगेत उभ्या राहून, पदराआड चेहरा ठेवून, बिनचूक शिक्का मारून येतात. थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठरावही ग्रामसभेत गुप्त मतदानाला टाकण्याची तरतूद आपल्या कायद्यात आली. म्हणजे एकाच माणसाबद्दल ‘हो’ की ‘नाही’ हे गावाला विचारता येते, हे सरकारने मान्यच केलेले आहे. फक्त ते निवडताना विचारले जात नाही, काढताना विचारले जाते.

दारूबंदीत आधी २५ टक्के मतदारांच्या सह्या लागतात, तशी अट इथेही घालावी आणि मागणी असेल तिथेच मतदान घ्यावे, म्हणजे खर्च वाचेल, अशी सूचना माझ्या एका स्नेह्यांनी केली. ती मला पटत नाही. सही गुप्त नसते. सातशे मतदारांच्या गावात बिनविरोधाच्या विरुद्ध सही करणे म्हणजे उघड विरोधात उभे राहणेच आहे, आणि ते करण्याची ताकद असती तर त्या माणसाने अर्जच मागे घेतला नसता. खर्चाचे म्हणाल तर अनेक गावांत एखादा प्रभाग बिनविरोध होतो आणि बाकीच्यांसाठी यंत्र, पोलीस, कर्मचारी सगळे त्याच शाळेत आलेले असतात. जिथे संपूर्ण गावच बिनविरोध होते तिथे खर्च वाढेल, हे मी मान्य करतो. पण बिनविरोध गावांना बक्षीस म्हणून लाखांचा निधी द्यायला काही आमदार तयार असतात. गुजरातेत तर २००१ पासून त्यासाठी समरस योजनाच आहे. मत न देण्यासाठी पैसा निघतो, तर मत घेण्यासाठीही निघायला हवा.

राहिला एकोप्याचा प्रश्न. हिवरे बाजार हे गाव बिनविरोधाचा आदर्श म्हणून वर्षानुवर्षे सांगितले गेले. तिथेही २०२१ मध्ये तीस वर्षांनी मतदान झाले आणि गावाचे कारभारी पोपटराव पवार यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. त्या मतदानाने गावाची घडी विस्कटली नाही. उलट आपल्यामागे किती माणसे आहेत, हे पवारांना मोजून सांगता आले. चांगल्या कारभाऱ्याला दोन ओळींच्या मतपत्रिकेची भीती वाटण्याचे कारण नाही.

त्या बाईने पुढच्या वेळी अर्ज भरला नाही, आणि गाव पुन्हा बिनविरोध झाले. लग्न होऊन त्या गावी आल्यापासून तिने लोकसभेला मत दिले आहे, विधानसभेला दिले आहे. ग्रामपंचायतीला अजून दिलेले नाही.